८२७ दिवस आणि एक ट्विट

चिठ्ठीवर तारीख आहे १२ नोव्हेंबर २०२२. मजकूर जेमतेम चार ओळींचा, आईला उद्देशून. तू काळजीत असशील. आजपासून मी पुन्हा पाणी पिऊ लागलो आहे. प्रकृतीची मोजमापे ठीक आहेत आणि वैद्यकीय देखरेख चालू आहे, असा त्याचा आशय. कैरो विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या लैला सुएफ यांच्या हाती ती पडली १४ नोव्हेंबरला, वादी अल-नत्रून तुरुंगाबाहेर. अक्षर मुलाचे आहे हे त्यांनी ओळखले. म्हणजे १२ तारखेपर्यंत तरी इजिप्तचे कैदेतले ब्लॉगलेखक-कार्यकर्ते अला अब्द अल-फत्ताह जिवंत होते, हे त्या कागदाने सिद्ध झाले. त्याआधीच्या आठवड्यात त्याचा कसलाच पुरावा कुटुंबाकडे नव्हता.

तो आठवडा अनेक साधनांतून जुळवावा लागतो. २ एप्रिल २०२२ पासून अला उपोषण करीत होते, पुढे दिवसाला सुमारे १०० कॅलरींवर. १ नोव्हेंबरला त्यांनी तेही बंद केले. ६ नोव्हेंबरला, रविवारी, शर्म अल-शेख येथे कॉप-२७ ही हवामान परिषद सुरू झाली आणि त्याच दिवशी त्यांनी पाणी सोडले. ८ तारखेला धाकटी बहीण सना सैफ यांनी परिषदेच्या ठिकाणी पत्रकार परिषद घेतली. तिथे एका इजिप्शियन खासदाराने उभे राहून त्यांच्याशी वाद घातला. १० तारखेला तुरुंगाबाहेर थांबलेल्या आईला सांगण्यात आले की न्यायालयीन यंत्रणेला कळवून ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ करण्यात आला आहे. काय केले, कशासाठी केले, हे सांगितले नाही. त्याच दिवशी वकील खालेद अली भेटीचा सरकारी परवाना घेऊन तुरुंगापर्यंत गेले. परवान्यावर आदल्या दिवसाची, ९ तारीख होती, एवढ्या कारणावरून त्यांना परत पाठवण्यात आले.

मग १२ तारखेची चिठ्ठी. पाठोपाठ दुसरी: उपोषण सोडले आहे, गुरुवारी भेटाल तेव्हा सगळे सांगेन, आणि वाढदिवस साजरा करायला केक आणा. जंत्रीत पाहिले तर गुरुवार १७ नोव्हेंबरला येतो आणि अला यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९८१ चा आहे. आतले आणि बाहेरचे दोन्ही तपशील जुळतात, म्हणून ही दुसरी चिठ्ठीही खरी मानायला हरकत नाही. गुरुवारच्या भेटीत काचेपलीकडून त्यांनी जे सांगितले, ते कुटुंबाने प्रसिद्ध केले. मनाचा तोल जाऊन त्यांनी भिंतीवर डोके आपटून घेतले होते, आणि ११ तारखेला न्हाणीघरात ते बेशुद्ध होऊन पडले होते. पहिल्या चिठ्ठीतले ‘आजपासून’ आता कळते. आदल्याच दिवशी ते कोसळले होते. पण १० तारखेला, म्हणजे कोसळण्याच्याही आदल्या दिवशी, सांगितला गेलेला हस्तक्षेप नेमका कसला होता, हे या हकिगतीतून पुरते उलगडत नाही. तुरुंगाच्या दवाखान्याची नोंदवही कधी उघड झाली तर उलगडेल.

मराठी वाचकाला असा शोध नवा नाही. अस्सल पत्र कोणते, मागाहून लिहिलेली बखर कोणती, याची निवड करायला इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला केव्हाच शिकवले आहे. फरक एवढाच की तिथे पत्रे तीनशे वर्षे जुनी असतात. इथे ज्यांचे कागद आपण चाळतो आहोत तो माणूस हयात आहे, आणि त्याच्याविषयीचा वाद ताजा आहे. शिवाय अला यांच्या आयुष्याची साधने दोन अगदी विरुद्ध जातींची आहेत. एकीकडे ट्विटरवरची त्यांची असंख्य वाक्ये, कोणालाही वाचता येतील अशी. दुसरीकडे न्यायालयाचे आणि तुरुंगाचे कागद, ज्यांची प्रत त्यांच्या वकिलांनाही मिळाली नाही. विपुल साधन सोपे आणि दुर्मीळ साधन अवघड, असे आपण सहसा धरून चालतो. इथे उलटा अनुभव येतो.

सुरुवातीचा काळ तुलनेने स्वच्छ आहे. वडील अहमद सैफ अल-इस्लाम हे डाव्या चळवळीतले. १९८३ साली त्यांना अटक झाली, छळ झाला, पाच वर्षांची कैद झाली; तुरुंगात बसून ते कायदा शिकले आणि पुढे कैरोतल्या हिशाम मुबारक विधी केंद्राच्या संस्थापकांपैकी एक झाले. मोठी मुलगी मोना जन्मली तेव्हा ते कैदेत होते. अला यांचा स्वतःचा मुलगा डिसेंबर २०११ मध्ये जन्मला तेव्हा अलाही कैदेत होते. हा योगायोग खुद्द वडिलांच्या लक्षात आला होता. मुलाला लोकशाही वारशाने द्यायची होती, प्रत्यक्षात ज्या कोठडीत आपण राहिलो तीच दिली, अशा अर्थाचे ते २०१४ च्या जानेवारीत पत्रकारांसमोर बोलले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ते वारले. तेव्हा अला आणि सना दोघेही तुरुंगात होते. अंत्यविधीपुरते त्यांना आणले गेले.

२००४ मध्ये अला आणि पत्नी मनाल हसन यांनी एक ब्लॉग सुरू केला. दोघेही संगणकतज्ज्ञ, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले. त्यांच्या कामाचे महत्त्व त्यांच्या स्वतःच्या लेखनापुरते नव्हते. इजिप्तमधले विखुरलेले ब्लॉग एका ठिकाणी वाचता यावेत अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. २००५ मध्ये डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या ब्लॉग स्पर्धेत त्यांना ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’चा विशेष पुरस्कार मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षीची अटक साधनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ७ मे २००६ रोजी, स्वतंत्र न्यायाधीशांच्या पाठिंब्यासाठी झालेल्या निदर्शनात अला पकडले गेले आणि सुमारे ४५ दिवस आत राहिले. त्या काळात त्यांचा ब्लॉग बंद पडला नाही. आतून कागदाचे कपटे बाहेर येत आणि मनाल ते उतरवून प्रसिद्ध करीत. म्हणजे ‘तुरुंगातून लिहिलेला ब्लॉग’ म्हणून जे प्रसिद्ध झाले, ती अभ्यासकाच्या भाषेत मूळ हस्तलिखितावरून केलेली नक्कल आहे. मूळ कपटे आणि छापील मजकूर यांच्यामध्ये पत्नीचा हात आहे, हे लक्षात ठेवून ते वाचायला हवे.

असाच, पण अधिक गमतीचा पेच जानेवारी २०१४ मधल्या एका लेखाचा आहे. कैरोच्या तोरा तुरुंगात अला आणि कवी-कार्यकर्ते अहमद दूमा शेजारच्या कोठड्यांत होते. कोठडीतून कोठडीत ओरडून दोघांनी मिळून तो लेख रचला. दोघांच्या नावावर तो प्रसिद्धही झाला. यातले कोणते वाक्य कोणाचे, हे ठरवायला आता साधन नाही. शैलीवरून तर्क करता येईल. मी करणार नाही. भिंतीपलीकडून ऐकलेले वाक्य दुसऱ्याने लिहून घेताना थोडे बदललेच असणार, आणि मग शैलीचा पुरावा कशाचा धरायचा?

२०११ मध्ये परत येऊ. होस्नी मुबारक पायउतार झाले त्या आंदोलनासाठी अला दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी आले. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी ट्विटरवर भेटणाऱ्या लोकांची प्रत्यक्ष सभा भरवली. ट्विटला तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती, म्हणून वक्त्याला बोलायला १४० सेकंद. हा खेळकरपणा नोंदवून ठेवतो, कारण पुढची कागदपत्रे वाचताना तो विसरला जातो. ९ ऑक्टोबरला मास्पेरो या दूरदर्शन केंद्राच्या इमारतीसमोर कॉप्टिक ख्रिश्चनांच्या मोर्चावर लष्कराने गोळीबार केला, चिलखती वाहने घातली. दोन डझनांहून अधिक माणसे गेली. अला कॉप्टिक रुग्णालयाच्या शवागारात थांबले आणि शवविच्छेदनाची मागणी करा, असे मृतांच्या नातेवाइकांना पटवत राहिले. दुःखात बुडालेल्या कुटुंबांना प्रेते लवकर पुरायची होती. शवविच्छेदन झाले नसते तर गोळी आणि वाहनाखाली चिरडणे यांचा वैद्यकीय पुरावा जमिनीखाली गेला असता. त्यांनी त्या रात्रीवर ‘अल-शुरूक’ दैनिकात लेख लिहिला. ३० ऑक्टोबरला त्यांना लष्करी फिर्यादीपुढे बोलावले गेले. ज्या लष्करावर आरोप आहे त्याच्याच वकिलाला उत्तरे देणार नाही म्हणून ते गप्प राहिले आणि कैदेत गेले. २५ डिसेंबरला सुटले. ट्विटरवरचा माणूस म्हणून ज्याची ओळख जगभर दिली जाते, त्याने केलेले सर्वांत ठोस काम शवागारात होते आणि त्यातून शवविच्छेदनाचे अहवाल तयार झाले, हे मला महत्त्वाचे वाटते.

यानंतरची शकावली भराभर सांगतो. २४ नोव्हेंबर २०१३: परवानगीविना निदर्शनांवर बंदी घालणारा कायदा क्रमांक १०७. २६ नोव्हेंबर: शूरा कौन्सिलसमोर त्याविरुद्ध निदर्शन. अटकेचा हुकूम निघाल्याचे कळताच अला यांनी जाहीर केले की शनिवारी, ३० तारखेला, मी स्वतः हजर होतो. पोलीस २८ च्या रात्रीच घरात शिरले आणि त्यांना, संगणकांना, फोनना घेऊन गेले. ज्या माणसाने हजर होण्याचा दिवस जाहीर केला होता त्याच्यासाठी रात्रीची धाड कशाला, याचे उत्तर जप्तीत असावे असा माझा तर्क आहे, तर्कच आहे. ११ जून २०१४: पंधरा वर्षे, गैरहजेरीत. ही ‘गैरहजेरी’ तपासून पाहण्यासारखी आहे. आरोपी न्यायालयाच्या दाराशी होते, त्यांना आत घेतले नव्हते, आणि शिक्षा सुनावल्यावर तिथेच पकडले. कागदावर मात्र गैरहजर. फेरसुनावणीत २३ फेब्रुवारी २०१५ रोजी पाच वर्षे कैद आणि त्यापुढे पाच वर्षे पोलिसांची देखरेख. २९ मार्च २०१९ रोजी कैद संपली आणि देखरेख सुरू झाली: रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा दोक्की पोलीस ठाण्यात. २९ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ते ठाण्यातून बाहेर पडून घरी पोचले नाहीत. राज्य सुरक्षा फिर्यादीच्या कचेरीत ते सापडले. तिथे त्यांच्या बाजूने उभे राहायला गेलेले वकील मोहम्मद अल-बाकर यांनाही त्याच दिवशी आरोपी करून अटक झाली.

इथून खरा पेच सुरू होतो, आणि तो आकड्यांचा आहे.

अला यांना २०१९ मध्ये ज्या गुन्ह्यात धरले त्याचा क्रमांक १३५६/२०१९. कच्च्या कैदेची इजिप्तमधली कायदेशीर मर्यादा दोन वर्षांची. ती ओलांडली तरी सुटका झाली नाही. उलट खटला उभा राहिला तो दुसऱ्याच क्रमांकाखाली: १२२८/२०२१. आरोप खोट्या बातम्या पसरवल्याचा. त्याला आधार फेसबुकवरच्या एका मजकुराचा, जो अला यांनी पुढे पाठवला होता आणि ज्यात एका कैद्याचा छळाने मृत्यू झाल्याचे म्हटले होते. न्यायालय होते आणीबाणीतले राज्य सुरक्षा न्यायालय. देशातली आणीबाणी २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उठली होती. पण प्रकरण त्याआधीच वर्ग झालेले असल्याने ते त्याच न्यायालयात राहिले. या न्यायालयावर अपील नाही. राष्ट्राध्यक्षांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी मिळाली की निकाल अंतिम. २० डिसेंबर २०२१ रोजी अला यांना पाच वर्षे. अल-बाकर आणि ब्लॉगलेखक मोहम्मद इब्राहिम यांना चार-चार वर्षे. मंजुरीची तारीख ३ जानेवारी २०२२.

आता पाच वर्षे मोजायची कुठून? अटकेच्या दिवसापासून मोजली तर शिक्षा २९ सप्टेंबर २०२४ रोजी संपते. मंजुरीपासून मोजली तर ३ जानेवारी २०२७. अटक आणि मंजुरी यांच्यामधले अंतर ८२७ दिवस. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करण्याची तरतूद इजिप्तच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. सरकारी बाजूने हिशेब मंजुरीपासून केला. मागच्या परिच्छेदातले दोन क्रमांक इथे कामाला येतात: माणूस एक, कोठडी एक, पण कैद एका क्रमांकाची आणि शिक्षा दुसऱ्याची. कागद वेगळे धरले की ते दिवस कोणत्याच खात्यावर चढत नाहीत. हा डाव आधीपासून ठरवून टाकला होता, की क्रमांक बदलल्याचा फायदा मागाहून सुचला? दोन्ही शक्यता पुराव्याला धरून आहेत. निकाल लागेल तो मूळ फाइलवरून, आणि तिची प्रत बचावाच्या वकिलांना कधी दिली गेली नाही. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी कैदेविषयीच्या कार्यगटाने ही कैद बेकायदा ठरवली. तो अभिप्राय हे या प्रकरणातले त्रयस्थ आणि म्हणून वजनदार साधन आहे.

२९ सप्टेंबर २०२४ उजाडला, मुलगा सुटला नाही. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, ६८ वर्षांच्या लैला सुएफ यांनी उपोषण सुरू केले. गणिताच्या प्राध्यापिकेने निवडलेली ही तारीख म्हणजेच तिचे म्हणणे होते: तुमचा हिशेब मला मान्य नाही. उपोषण २८७ दिवस चालले, मधले काही आठवडे अल्प आहारावर. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांना दोनदा दाखल करावे लागले. १४ जुलै २०२५ रोजी त्यांनी ते थांबवले. याच बाईंनी २०२० मध्ये, साथीमुळे भेटी बंद असताना, मुलाचे एक पत्र मिळावे म्हणून तोरा तुरुंगाबाहेर ठिय्या दिला होता. त्या जूनमध्ये तिथे त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलींवर हल्ला झाला आणि तक्रार द्यायला गेलेल्या सना यांनाच अटक झाली.

लंडनचा संबंध येतो तो लैला यांच्या जन्मामुळे. त्या १९५६ साली तिथे जन्मल्या होत्या. त्या आधारावर अला यांना तुरुंगात असतानाच ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. इजिप्तने ते मानले नाही आणि ब्रिटिश वकिलातीला भेट दिली नाही. मात्र ब्रिटनच्या दृष्टीने आता हा आपला नागरिक होता, आणि लागोपाठच्या सरकारांनी, पक्ष कोणताही असो, त्याच्या सुटकेची मागणी लावून धरली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी शिक्षामाफी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे अला घरी होते. नोव्हेंबरमध्ये त्यांना कैरो विमानतळावरून परत पाठवले गेले. डिसेंबरमध्ये प्रवासबंदी उठली आणि २६ तारखेला ते ब्रिटनमध्ये उतरले. पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी सार्वजनिकपणे आनंद व्यक्त केला.

काही तासांत जुनी ट्विटे फिरू लागली.

या साधनाची छाननी कागदाइतकीच काटेकोरपणे करायला हवी. माणूस आपल्याला जवळचा वाटू लागला असेल तर अधिकच. पहिला प्रश्न अस्सलपणाचा. झायनवाद्यांना मारणे योग्य आहे असे सांगणारी, पोलिसांना मारण्याची भाषा करणारी वाक्ये अला यांच्या खात्यावर होती. त्यांनी ती नाकारलेली नाहीत. २९ डिसेंबरच्या निवेदनात त्यांनी माफी मागितली; इराक, लेबनॉन, गाझा इथली युद्धे आणि पोलिसी अत्याचार पाहणाऱ्या तरुणाचा तो संताप होता, असे म्हटले. अस्सलपणा इथे मिटतो. ‘कोणीतरी रचले’ हा बचाव कोणी करू नये, त्यांनी स्वतः केलेला नाही.

दुसरा प्रश्न पूर्णतेचा. निवेदनात त्यांनी काही ट्विटे वेगळी काढली. होलोकॉस्ट नाकारल्याचा आरोप ज्यावरून झाला ते वाक्य नाकारणाऱ्यांची टर उडवणारे होते, आणि समलिंगी व्यक्तींच्या द्वेषाचा ठपका ठेवलेले वाक्य तसा द्वेष करणाऱ्यांची खिल्ली होते, असा त्यांचा खुलासा आहे. असा खुलासा पडताळता येण्याजोगा असतो, हे त्याचे वैशिष्ट्य. ज्याला उत्तर दिले ते वाक्य सापडले की प्रश्न सुटतो. पण ट्विटरची रचना अशी की समोरच्याने आपले खाते पुसले तर त्याचे वाक्य जाते आणि उत्तर तेवढे उरते. छायाचित्र काढून फिरवणारा तर उत्तरही एकटेच कापून घेतो. पत्रव्यवहारातली एकाच बाजूची पत्रे हाती असली की अभ्यासक दुसऱ्या बाजूचा मजकूर तर्काने भरतो आणि तो तर्क आहे असे सांगतो. छायाचित्र तसे काही सांगत नाही.

तिसरा प्रश्न प्रसंगाचा, आणि इथे एक जुना धागा सापडतो. २०१४ मध्ये युरोपीय संसदेतल्या डाव्या गटाने साखारोव्ह या मानवाधिकार पुरस्कारासाठी अला यांचे नाव सुचवले होते. मग त्यांचे २०१२ चे एक ट्विट पुढे आले: ठरावीक संख्येने इस्रायली मारले की प्रश्न मिटेल, अशा अर्थाचे. गटाने नाव मागे घेतले. अला यांचे म्हणणे असे की ते इस्रायलच्या गाझावरील हल्ल्याच्या काळात झालेले खासगी संभाषण होते आणि संदर्भ तोडून मांडले गेले. या म्हणण्याचे दोन भाग पाडावेत. २०१२ च्या नोव्हेंबरात, १४ ते २१ या दिवसांत, गाझावर मोठी लष्करी मोहीम झाली होती. त्यामुळे प्रसंगाचा भाग संभवनीय आहे. ‘खासगी’ हा भाग टिकत नाही. खाते सर्वांना खुले होते आणि ते भरपूर वाचले जात होते. मित्राशी बोलतो आहोत अशी भावना लिहिणाऱ्याची असू शकते. दस्तऐवजाची जात त्यामुळे बदलत नाही. आणि संदर्भ पूर्ण मिळाला तरी त्या वाक्याचा अर्थ निरुपद्रवी होईल असे मला वाटत नाही. संताप समजतो, माणसे मारण्याचा हिशेब त्यात उरतोच.

फेसबुकवर पुढे पाठवलेल्या मजकुराबद्दल कैरोत पाच वर्षे आणि ट्विटरवरच्या मजकुराबद्दल लंडनमध्ये नागरिकत्व काढून घेण्याची मागणी, अशी जोडी लावण्याचा मोह इथे होतो. ती मी लावत नाही. एका मजकुरात कोठडीतल्या मृत्यूची बातमी होती, दुसऱ्यात हत्येची भाषा. दोन्हींना एका तागडीत घालणे म्हणजे दोन्ही न वाचणे.

नागरिकत्व रद्द करा अशी मागणी कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म या दोन्ही पक्षांच्या नेत्यांकडून आली. यांपैकी पहिल्याच पक्षाचे सरकार असताना ते नागरिकत्व मान्य झाले होते. स्टार्मर यांनी ट्विटांचा तीव्र निषेध केला आणि ती आपल्याला ठाऊक नव्हती असे सांगितले. परराष्ट्रमंत्री यव्हेट कूपर यांनी संसदीय समितीला कळवले की आजच्या आणि आधीच्या मंत्र्यांना त्यांची माहिती कधी दिली गेली नव्हती, प्रकरण हाताळणारे अधिकारीही अनभिज्ञ होते, आणि हे कसे घडले याची चौकशी होईल.

या विधानाला मात्र साधनांचा दुजोरा मिळत नाही, किंवा मिळतो तो फार विचित्र अर्थाने. २०१४ चे साखारोव्ह प्रकरण गुप्त नव्हते. नाव सुचवणे, ट्विट उघड होणे, नाव मागे घेणे, हे सगळे त्या शरदात वर्तमानपत्रांत छापून आले. युरोपीय संसदेत तेव्हा ब्रिटनचेही सदस्य होते. युरोपीय संघ सोडायला ब्रिटनला अजून पाच वर्षांहून अधिक अवकाश होता. अला यांच्या तुरुंगवासांची यादी देणाऱ्या अनेक चरित्रवजा टिपणांत ही घटना एका वाक्यात येते. ते वाक्य परराष्ट्र कचेरीतल्या कोणी वाचले नसेल, वाचून बाजूला ठेवले असेल, किंवा वाचून टिपणात घेतले आणि वरच्या टेबलावर ते गाळले गेले असेल. तिन्ही शक्यता खुल्या आहेत. यातली कोणती खरी, हे त्या कचेरीतल्या २०२१ नंतरच्या अंतर्गत टिपणांवरून ठरेल. ज्या चौकशीची घोषणा झाली तिने ती टिपणे बाहेर काढली, तर ही फाइल पुन्हा उघडावी लागेल.